नोव्हाच्या प्लगांना पत्रे बसवतोय: कामाच्या नोंदी

५ एप्रिल, शनिवार

गाडी १९७२ ची शेवरोले नोव्हा, दोन दरवाजी, ३५० क्युबिक इंचाचं व्ही-एट म्हणजे ५.७ लिटर, दोन बॅरलचा कार्ब (कार्ब्युरेटर, पेट्रोल-हवा मिसळणारा), ऑटो गिअर. चासी नंबरात डब्ल्यू आहे म्हणजे विलो रनला जोडलेली, दुसऱ्या महायुद्धात फोर्डने जिथे बी-२४ बॉम्बर काढले त्या कारखान्याला लागून असलेला प्लांट, आणि इंजिनच्या पॅडवरचा शिक्का व्ही ने सुरू होतो म्हणजे इंजिन फ्लिंटचं. थोडक्यात गाडी मिशिगनची, इंजिन मिशिगनचं आणि गंजही मिशिगनचाच, रस्त्यावरच्या मिठाने दिलेला.

तक्रार अशी की थंड इंजिन एकदम मस्त चालतं, हायवेलाही काही म्हणणं नाही, पण तापलेली गाडी पेट्रोल भरायला म्हणून दहा मिनिटं बंद केली की परत चालू करताना एक दोन सिलिंडर मेल्यासारखे, सगळी गाडी थडथडते, आणि मग दोन तीन मैल गेल्यावर आपोआप सुधारते. सांगितलं की जो तो कार्बवर बोट ठेवतो. व्हेपर लॉक म्हणे, म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होऊन अडकणं. आता व्हेपर लॉक काय असतं ते फियाटमध्ये खंबाटकी चढलेल्या माणसाला सांगायला नको, पंपावर ओलं फडकं टाकून रस्त्याकडेला उभं राहण्यात आमचं बालपण गेलंय. त्यात अख्खं इंजिन गचके खातं आणि बंद पडतं. इथे तसं नाही, ठरावीक सिलिंडर मरतायत आणि ठेका अगदी नियमित आहे, म्हणजे पेट्रोल नाही तर करंट.

आज सगळ्या प्लगांचे बूट (वायरच्या टोकाच्या रबरी टोप्या) काढून बघितले. ५ नंबरचं रबर काळं, कडक, दाबलं तर बोटात कुरकुरीत तुकडे आले. ३ चं पण तसंच होत आलेलं. उजवीकडे ४ आणि ६ भाजलेत पण फाटलेले नाहीत. चारी कोपऱ्यातले म्हणजे १, २, ७, ८ बऱ्यापैकी नरम आहेत अजून.

यात आश्चर्य काही नाही. या इंजिनात प्रत्येक हेडवर मधल्या दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट पोर्ट एकमेकाला चिकटून आहेत, डावीकडे ३-५ आणि उजवीकडे ४-६. दोन सिलिंडरची आग एकाच जागी ओतली जाते आणि प्लग बरोबर तिथेच, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर गोळा करणाऱ्या लोखंडी नळकांड्याच्या) पोटाखाली. शेवरोलेच्या लोकांना हे माहीत होतं म्हणून ते कारखान्यातूनच प्लगांना पत्र्याचे हीट शील्ड लावून द्यायचे, ब्लॉकच्या बाजूला त्यासाठी आटे पाडलेल्या बैठका आहेत. माझ्या गाडीत त्या बैठका आहेत, पत्रे गायब. आधीच्या कुठल्यातरी मालकाने मॅनिफोल्डच्या जागी हेडर्स, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाईप, लावले होते, हेडर्सच्या पाईपांमध्ये हे पत्रे मावत नाहीत म्हणून काढून फेकले असणार. मी घेतली तेव्हा परत कास्ट आयर्नचे मॅनिफोल्ड आलेले होते पण पत्रे परत लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

६ एप्रिल, रविवार

मंदिरात रामजन्म, सुंठवडा, महाप्रसाद सगळं आटपून संध्याकाळी परत गॅरेजमध्ये. अंधार पडल्यावर लाईट बंद करून इंजिन चालू केलं आणि साध्या स्प्रेच्या बाटलीने प्लगांच्या आसपास पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला. ५ नंबरवर निळी ठिणगी, बुटातून निघून थेट हेडवर, टकटक आवाज करत. वेगळ्या कुठल्या टेस्टची गरजच नाही. हे करताना हात आणि बाटली दोन्ही वायरपासून लांब ठेवा, झटका जीव घेणार नाही कदाचित पण पंख्यात हात जाईल इतका नक्की हलवतो.

प्लग काढला तर पांढऱ्या चिनीमातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ. एकदा ही रेघ पडली की करंटला तोच रस्ता आवडतो, नवीन बूट घातला तरी जुन्या प्लगवर तो परत तिथूनच पळणार. म्हणून प्लग आणि वायर दोन्ही एकदम बदलायचे, यात कंजुषी नको.

प्लग एसीचे आर४५टीएस घेतले, जुन्या कॉन्टॅक्ट पॉईंटच्या इग्निशनला ०.०३५ इंच गॅप. एसीच्या नंबरात शेवटचा आकडा जेवढा मोठा तेवढा प्लग गरम. काही लोक अशा वेळी थंड प्लग घाला म्हणतात, त्याचा इथे काही संबंध नाही, तो आकडा आतल्या टोकाच्या तापमानाचा आहे, बाहेर रबर भाजतंय त्याला तो काय करणार.

१२ एप्रिल, शनिवार

पत्रे मागवायच्या आधी एक गोष्ट तपासायची होती, एवढी उष्णता मुळात येते कुठून. नुसते पत्रे लावून मोकळं होणं मला पटत नाही.

उजव्या मॅनिफोल्डच्या खाली, पाईप सुरू होतो तिथे हीट रायझर नावाचा फ्लॅप असतो. थंडीत इंजिन चालू केलं की तो बंद होतो, मग उजवीकडचा धूर खाली न जाता ४-६ च्या मधल्या पोर्टमधून वर चढतो, इनटेक मॅनिफोल्डच्या आतल्या बोगद्यातून कार्बचं बूड गरम करत पलीकडे ३-५ ला उतरतो आणि डाव्या मॅनिफोल्डने बाहेर पडतो. इंजिन तापलं की फ्लॅपने उघडायचं असतं. माझा उघडतच नव्हता. गंजून जवळजवळ बंद अवस्थेत घट्ट. म्हणजे गेली किती वर्षं कोण जाणे, आठ सिलिंडरच्या धुराचा मोठा भाग ३-५ च्या पोर्टवरून जातोय! ५ नंबरचाच बूट सगळ्यात जास्त का जळला याचं उत्तर मिळालं.

फ्लॅप सोडवायचा म्हणून पेनिट्रेटिंग ऑईल आणि छोट्या हातोडीने बराच वेळ टुकटुक केलं, थोडा हलला, परत अडकला. शेवटी तो काढून त्याच जागी बसणारा साधा पोकळ स्पेसर टाकला. मूळ वस्तू ठेवावी असं म्हणणारे नाराज होतील, पण ही गाडी मी नोव्हेंबर ते मार्च बाहेरच काढत नाही, मला थंडीत कार्ब गरम करून काय करायचंय.

दुसरं म्हणजे टायमिंग, ठिणगी कधी पडते ते. १९७२ मध्ये प्रदूषणाचे नियम आले होते म्हणून खालच्या गिअरमध्ये ठिणगी लवकर पाडणारा व्हॅक्यूम अॅडव्हान्स बंद ठेवणारी सिस्टीम कंपनीने दिली होती. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आग चालूच असते, आणि ती उष्णता मॅनिफोल्डला मिळते. माझ्याकडे त्या सिस्टीमचा सोलेनॉईड मेलेला आणि नळी कोणीतरी स्क्रू घालून बंद केलेली, म्हणजे अॅडव्हान्स कधीच मिळत नव्हता. नळी बदलली, टायमिंग लाईट लावून बेस टायमिंग बघितलं, ते ठीक निघालं. आयडलला इंजिनचा आवाज लगेच मोकळा झाला.

१३ एप्रिल, रविवार

मित्र आला. डेट्रॉईटच्या आसपास दगड मारला तर ऑटो कंपनीतल्या मराठी इंजिनिअरला लागतो, हा त्यातलाच, रोजचं काम बोनेटखालच्या उष्णतेचं. स्वतःचा डेटा लॉगर आणि के टाईप थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) घेऊन आला, मी माझी इन्फ्रारेड गन दाखवली तर हसला.

"अरे, ही गन चकचकीत पत्र्यावर मारशील तर ती समोरच्या भिंतीचं तापमान सांगेल तुला."

मुद्दा बरोबर आहे. गन वस्तूतून निघणारं इन्फ्रारेड मोजते, काळी खडबडीत वस्तू ते भरपूर सोडते, पॉलिश केलेला धातू अगदी कमी सोडतो आणि वर आजूबाजूचं परावर्तित करतो. गंजलेल्या कास्ट आयर्नवर गन ठीक चालते, नवीन पत्र्यावर नाही. पत्र्यावर वापरायचीच असेल तर उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका मारायचा आणि तिथेच नेम धरायचा.

१ आणि ५ च्या नवीन बुटांना थर्मोकपल बारीक तारेने बांधले (त्या तापमानाला टेप टिकत नाही), अर्धा तास गाडी फिरवली आणि आल्यावर बंद करून आकडे बघत बसलो. आम्ही दोघं इतकी वर्षं इकडे राहून अजून सेल्सियसमध्येच विचार करतो, त्यामुळे: चालू असताना ५ चा बूट १५० च्या आसपास, १ चा ११० च्या जरा खाली. बंद केल्यावर दोन्ही आकडे चढायला लागले! पंखा बंद, पाणी फिरायचं बंद, हवा हलत नाही आणि मॅनिफोल्ड मात्र तापलेला तसाच. ५ चा बूट १९२ पर्यंत गेला आणि मग हळूहळू उतरला. हे फ्लॅप आणि टायमिंग दुरुस्त केल्यानंतरचे आकडे आहेत, आधी काय असेल देव जाणे.

सिलिकॉन तेवढं सहन करतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण रोज रोज तिथपर्यंत नेलं तर काही वर्षांनी तेही कडक होतंच. पत्रे हवेतच.

१९ एप्रिल, शनिवार

पर्याय बघितले. एक, फायबरग्लासचे मोजे जे बुटावर चढवतात. दोन, चिनीमातीचे बूट. तीन, मूळ पद्धतीचे दाबून काढलेले पत्रे, एका पत्र्यात दोन प्लग, दोन्ही बाजू मिळून चार पत्रे.

मोज्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. हेडर्सवाल्यांना दुसरा इलाज नसतो, पाईप बुटाला जवळजवळ टेकलेला असतो, तिथे मोजा हवाच. पण मोजा बुटाला बिलगून बसतो, उष्णता उशिरा आत जाते आणि एकदा गेली की उशिरा बाहेर येते, आणि माझा प्रॉब्लेम तर गाडी बंद केल्यानंतरचाच आहे. शिवाय तेलाने भिजला की तो वातीसारखंच काम करतो, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळत नाही असं छोटं ब्लॉक शेव्ही (माझ्या गाडीत आहे तसलं शेवरोलेचं व्ही-एट) मी अजून पाहिलेलं नाही. चिनीमातीचे बूट चांगले आहेत पण महाग, आणि आधीच्या वायरचा सेट फेकावा लागेल.

पत्र्याचं तत्त्व वेगळं. तापलेल्या लोखंडाकडून येणारी उष्णता बरीचशी किरणांनी येते, मित्राच्या भाषेत तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, केल्विनमध्ये. मध्ये पातळ पत्रा उभा केला की किरण अडतात, पत्रा स्वतः तापतो, पण त्याच्या दोन्ही अंगांनी हवा फिरत असेल तर ती हवा उष्णता घेऊन जाते. सगळं काम त्या मोकळ्या जागेचं आहे, पत्र्याचं नाही. पत्रा मॅनिफोल्डला टेकला तर तो मॅनिफोल्डच झाला, बुटाला टेकला तर बुटाला चटका द्यायचं हत्यार झालं.

पत्र्यांचा रिप्रॉडक्शन सेट (मुळासारखा नव्याने बनवलेला) मागवला.

२६ एप्रिल, शनिवार

सेट आला. पत्रा मुळापेक्षा पातळ वाटतोय, कडा धारदार, एका पत्र्याचं भोक उघड उघड तिरकं. विकणाऱ्याने फोटो बहुतेक दुसऱ्याच सेटचे टाकले होते. परत पाठवायचा विचार केला पण सगळीकडे एकाच साच्याचा माल दिसतोय, कानस आपल्या हातात आहेच.

गाडी स्टँडवर चढवली, बॅटरी सोडली, कारण उजवीकडे मागच्या बैठकीजवळ स्टार्टरची जाड वायर आहे आणि तिथे पाना टेकला की दिवाळी. बैठकांमधला पन्नास वर्षांचा तेल-मातीचा लगदा काढला, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, मग आटे साफ करायचा चेझर हाताने फिरवला. नवीन टॅप वापरू नका, तो लोखंड खातो आणि आटे सैल करतो.

बाकी सगळ्या स्वच्छ झाल्या, उजवी मागची सोडून. तिथे जुन्या बोल्टचा तुटका तुकडा आतच, पृष्ठभागाच्या जरासा खाली. उजवा मॅनिफोल्ड काढल्याशिवाय ड्रिल सरळ धरता येत नाही, म्हणून मॅनिफोल्ड काढला. एरवी हे बोल्ट तुटतात पण त्या मानाने सुखाने आले, लॉकिंग पट्ट्या तेवढ्या मोडल्या.

तुकडा असा काढला: मधोमध पंच, मग उलट्या फिरकीचं ड्रिल, बारीक साईजने सुरुवात, मशीन रिव्हर्सला. किती खोल जायचं त्या खुणेला ड्रिलवर रंगीत टेप. थोडं खोदलं, प्रोपेन टॉर्चने आजूबाजूचं लोखंड तापवलं, मेणबत्तीचं मेण लावलं तर ते वितळून आट्यात शिरलं, परत ड्रिल. दुसऱ्या साईजच्या ड्रिलने अचानक पकडलं आणि तुकडा गोल गोल फिरत बाहेर आला. इझी-आऊट (तुटका बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालायची वेळ आली नाही हे नशीब, ते आत तुटलं की कडक पोलादाचा तुकडा काढायला देव पाण्यात ठेवावे लागतात.

२७ एप्रिल, रविवार

ट्रायल फिटिंग. डावीकडचा पुढचा पत्रा सरळ बसला. डावीकडे मागे ऑईलच्या डिपस्टिकची नळी आडवी येते (या वर्षांच्या इंजिनात ती ड्रायव्हरच्या बाजूला असते), तिचा ब्रॅकेट सोडून नळी जराशी बाहेर ढकलली.

उजवा मागचा पत्रा मात्र मॅनिफोल्डच्या खालच्या पोटाला टेकत होता. भोक गोल कानशीने लांबट केलं, पत्रा खाली सरकवला, तरी एक कोपरा टेकतोच. मग व्हाईसमध्ये धरून तो कोपरा आत वळवला, परत लावला, परत काढला, बरंच चाललं ते. शेवटी मॅनिफोल्ड आणि पत्रा यात सगळीकडे हॅकसॉचं ब्लेड आडवं फिरेल एवढी जागा झाली, आणि बूट आणि पत्रा यात ५ ते ६ मिमी. ८ नंबरला थोडी कमी आहे. बूट पूर्ण बसवूनच मोजा, नुसत्या प्लगवर मोजलेली जागा काही कामाची नाही. सगळ्या धारदार कडा कानशीने मारल्या, नाहीतर पुढे वायर कापली जाणार.

रंग लावायचा का यावर घरात चर्चा नाही पण मित्राशी झाली. मॅनिफोल्डकडची बाजू चकचकीत ठेवली तर ती कमी उष्णता घेते, म्हणून ती तशीच सोडली. प्लगकडच्या बाजूलाही काळा रंग नको, काळी बाजू बुटाकडे जास्त किरण सोडेल. गंज येईल हे मान्य, आणि गंज आला की चकचकीतपणाचा फायदाही जाईल, तेव्हा बघू.

१० मे, शनिवार

पक्कं फिटिंग. मॅनिफोल्ड परत चढवला, मधले बोल्ट ३० फूट-पाउंड, कडेचे २०, नवीन लॉकिंग पट्ट्या. पत्र्यांच्या बोल्टना तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) आणि स्प्रिंग वायसर. प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ लावलं नाही, प्लगला कोटिंग असतंच, आणि वंगण लावून टॉर्क रेंच वापरला की बोल्ट हवा त्यापेक्षा जास्त ताणला जातो. हे निमुळत्या बैठकीचे प्लग, वायसर नसतो, १५ फूट-पाउंड बास.

वायर मूळ रस्त्यानेच नेल्या, मागून खाली उतरून मॅनिफोल्डच्या खालून प्लगला. एकच काळजी: ५ आणि ७ च्या वायर एकत्र बांधायच्या नाहीत. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, म्हणजे ५ नंतर लगेच ७, आणि दोघे शेजारी. वायर समांतर चिकटून गेल्या तर ५ चा करंट ७ मध्ये उतरतो आणि ७ वेळेआधी पेटतो. सेपरेटर लावून त्या दोन्ही लांब ठेवल्या, एके ठिकाणी फुलीसारख्या ओलांडू दिल्या. बुटात डायलेक्ट्रिक ग्रीस, अगदी वाटाण्याएवढं, नाहीतर पुढच्या वेळी बूट प्लगवरच राहतो आणि वायर हातात येते.

चालू केल्यावर साधारण १,८०० आरपीएमला डावीकडून झर्रर्र आवाज. पुढचा पत्रा थरथरतोय. लांब लाकडी दांडा टेकवून कुठला ते शोधलं, मोकळ्या टोकाला हातोडीने छोटी घडी मारली, पत्रा ताठ झाला, आवाज गेला.

१७ मे, शनिवार

मित्र परत लॉगर घेऊन आला. तोच रस्ता, तेवढाच वेळ. बाहेर हवा एप्रिलपेक्षा जरा गरमच होती. ५ चा बूट चालू असताना ११८, बंद केल्यावर चढून १४६ ला थांबला. १ चा बूट बंद केल्यावर ११४. पत्र्यावरच्या काळ्या ठिपक्यावर गन मारली तर २०० च्या वर, म्हणजे पत्रा मधल्या मध्ये मार खातोय, त्याचं कामच ते.

त्याने ८ नंबरला पण थर्मोकपल लावून बघितलं, ती जागा कमी असलेली. १६० पर्यंत गेला. कोपऱ्यातला प्लग, जो खरं तर ५ पेक्षा थंड असायला हवा, तो जास्त तापतोय, फक्त दोन तीन मिमी जागा कमी म्हणून. मित्र म्हणाला, "बघ, हेच मी ऑफिसात स्टाइलिंगवाल्यांना सांगून थकलो."

२५ मे, रविवार

लाँग वीकेंड, उद्या मेमोरियल डे. फ्लिंटपर्यंत जाऊन आलो. चांगलं ऊन, हायवे, मग ट्रॅफिक. पेट्रोल पंपावर मुद्दाम पंधरा मिनिटं बंद ठेवली, बायको म्हणाली चहा तरी घेऊ तेवढ्यात. सेल्फ मारला तर लगेच चालू, आठही सिलिंडर हजर.

आता जरा कार्बमधलं पेट्रोल उकळल्याचा वास येतो बंद केल्यावर, आधी मिसिंगच्या नादात लक्षात आला नव्हता. इनटेकमधल्या बोगद्यातून अजून थोडा धूर जातच असणार, फ्लॅप काढला तरी. गॅस्केट बदलायची वेळ येईल तेव्हा ती वाट बंद करणारे गॅस्केट घालणार आहे.

१४ जून, शनिवार

८ नंबरचा पत्रा काढून परत व्हाईसमध्ये. यावेळी न वळवता बोल्टखाली जाड वायसर टाकून अख्खा पत्रा ब्लॉकपासून बाहेर घेतला, तर तिकडे मॅनिफोल्डला टेकायला लागला, मग वायसर पातळ केला. आता बुटाशी साडेपाच मिमी, मॅनिफोल्डशी ब्लेड कसंबसं फिरतं. बूट उपसून बघितले, सगळे नरम, ५ च्या आत ग्रीस ओलं. बोल्ट परत एकदा टाईट केले, डावीकडचा पुढचा पाव फेरा फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत.

ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची परेड, म्हणजे उन्हात तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये रांगत जायचं. त्याच्या आधी पंख्याचा क्लच बघायचा आहे, आणि कार्बखाली जाड स्पेसर टाकला तर बोनेट बंद होतं का ते मोजायचंय.